सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी : बेताच्या पैशात चांगले कॉलेज कसे निवडावे?

(उरण तालुक्यातील पालकांच्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आजचा विषय एका वाक्यात सांगता येतो. मुलास किंवा मुलीस सिव्हिल इंजिनिअर करावयाचे आहे, घरात पैसा बेताचा आहे, तर कोणते कॉलेज धरावे आणि कोणते टाळावे? मी स्वतः इंजिनिअर नाही. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडून मराठी शाळेत मुलांस पाढे शिकविणारा मी मास्तर आहे. पण दहावी-बारावीचे निकाल लागले की आईबाप शाळेच्या ओट्यावर येऊन हाच प्रश्न विचारतात, आणि मास्तराने 'मला काय ठाऊक' म्हणून हात झटकणे बरे नव्हे. सबब नियमांच्या पुस्तिका, सरकारी निर्णय व फीचे कागद वाचून जे समजले ते आपणांपुढे ठेवतो. पटेल ते घ्या, न पटेल ते मला येथेच विचारा.

दिव्याखाली अंधार

प्रथम हा विषय आपल्या उरणास एवढा जवळचा का, ते पाहू. १९७० साली सिडको आली. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा सागरी पूल खुला झाला, आणि त्याच दिवशी आगगाडी उरणपर्यंत आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. हे सारे आपल्या भातखाचरांवर, मिठागरांवर आणि खाजणांवर उभे आहे. त्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात आपल्या पाच माणसांनी गोळ्या झेलल्या. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील जासईच्या शेतकऱ्याच्या घरातले होते, आणि कायदा शिकून वकील झाले होते म्हणूनच सरकारशी कागदाला कागद लावून भांडू शकले, हेही विसरू नये.

आता मी विचारतो : एवढी पन्नास वर्षे आपल्या दारात सिव्हिलचे काम चालले आहे, त्यात आपली मुले कोठे आहेत? कोणी डंपर चालवितो, कोणी फाटकावर पहारा करतो, कोणी मजूर पुरवितो. ही कामे हलकी आहेत असे मी म्हणत नाही. घामाची भाकर कधी हलकी नसते. पण नकाशा उलगडून 'येथे खांब येईल' असे सांगणारा माणूस बहुधा बाहेरगावचा असतो. ह्यालाच दिव्याखाली अंधार म्हणतात.

आणि ही विद्या आपणांस परकी आहे काय? खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून आपल्या वाडवडिलांनी चिखलाचे बांध घातले, भरतीला मिटणारी व ओहोटीला उघडणारी उघाडी बसविली. तोही स्थापत्याचाच भाग होय. आपला गवंडी ओळंबा सोडतो, गुण्या लावतो, नळीत पाणी भरून पातळी काढतो. तेच काम कॉलेजात महागड्या यंत्राने शिकवितात. मऊ चिखलावर भार टाकला की त्यातले पाणी हळूहळू निघून जमीन खचते, हे खाजणावर घर बांधणारास अनुभवाने ठाऊक असते. टर्झागी नावाच्या इंजिनिअराने १९२५ साली त्याचे गणित मांडले, आणि मातीचे शास्त्र त्या गणितावर उभे राहिले. अनुभव आपल्या घरी आहे. उणे आहे ते गणित आणि कागद.

जोतीराव फुले हे शाळा काढणारे म्हणून आपणांस माहीत आहेत, पण ते बांधकामाचे ठेकेदारही होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे ते भागीदार होते, आणि खडकवासल्याच्या धरणास व कात्रजच्या बोगद्यास त्यांच्या ठेकेदारीचा हात लागला आहे. ह्या खात्यात वरचे शिकलेले अंमलदार व खालचे अडाणी मजूर यांच्यात काय चालते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८८३ साली पुरा झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात पावसाचे पाणी शेतात जिरावे म्हणून ताली व बंधारे बांधावेत, त्यासाठी पलटणीतली व पोलिसांतली माणसे कामास लावावीत, असा उपायही त्यांनी सुचविला. त्याच १८८३ साली विश्वेश्वरय्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून म्हैसूर सरकारच्या मदतीवर शिकून बाहेर पडले, आणि पुढे १९०३ साली त्याच खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. सार्वजनिक पैशाने चालणारे चांगले कॉलेज आणि गरजूस मदत ही जोडी जुळली की काय होते, ते ह्यावरून दिसते.

आधी मुलास विचारा

कॉलेज निवडण्यापूर्वी एक पायरी आहे, ती आपण बहुधा गाळतो. मुलास ही विद्या हवी आहे काय? शेजाऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला म्हणून आपलाही झाला पाहिजे, हा हट्ट महाग पडतो. सिव्हिलच्या मुलास गणित व पदार्थविज्ञान आवडले पाहिजे. त्यास उन्हापावसात कामावर उभे राहावे लागते, मुक्काम बदलावा लागतो, मजुराशी गोडीने व ठेकेदाराशी कणखरपणे बोलावे लागते. सुरुवातीचा पगार पुष्कळ ठिकाणी बेताचा असतो. अनुभव वाढेल तसा तो वाढतो. सरकारी जागा मिळतात, पण त्या स्पर्धा परीक्षा देऊन. पदवीचा कागद हाती आला की नोकरी चालत घरी येते, अशी समजूत कोणी करून दिली असेल तर ती आजच सोडून द्या.

मुलास ह्यातले काही ठाऊक नसेल तर सुट्टीत आठ दिवस एखाद्या ओळखीच्या बांधकामावर पाठवा. खडी-वाळू मोजताना, सळई बांधलेली पाहताना त्याचे मन रमले तर पुढे चला. न रमले तर आठ दिवसांत चार वर्षांचा खर्च वाचला असे समजा.

दोन वाटा, वर्षे तेवढीच

पदवीस पोचण्याच्या वाटा दोन आहेत. पहिली : दहावीनंतर विज्ञान शाखेची दोन वर्षे, मग राज्याची सीईटी परीक्षा, मग चार वर्षांची पदवी. एकूण सहा वर्षे. दुसरी : दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निकात तीन वर्षांचा डिप्लोमा, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश व तीन वर्षे. ह्याचीही बेरीज सहाच येते.

मग फरक कोठे पडतो? पहिल्या वाटेवर अकरावी-बारावीच्या शिकवणीवर्गांचा खर्च फार होतो, आणि बारावी झालेल्या मुलाच्या हाती कोणतीच विद्या नसते. दुसऱ्या वाटेवर तीन वर्षांनी हातात डिप्लोमा असतो. घरावर संकट आले तर मुलगा तेथूनच नोकरीस लागू शकतो. सार्वजनिक बांधकाम खात्यातील कनिष्ठ अभियंत्याच्या जागेस सिव्हिलचा डिप्लोमा चालतो. शिवाय पदवीच्या वर्गात जाताना त्याने यंत्रे हाताळलेली असतात. उलट बाजूही सांगितली पाहिजे : थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मर्यादित असतात, त्यासाठी डिप्लोमात चांगले गुण लागतात, आणि वरचे गणित एकदम अंगावर येते. ज्या मुलास आयआयटीत जावयाचे आहे त्यास ही वाट चालत नाही. त्याने बारावी करून जेईई द्यावी.

ज्या घरी कमावता एकच आहे, त्या घरास माझी सूचना अशी की दहावीनंतर आधी सरकारी पॉलिटेक्निकाची चौकशी करावी. आपल्या जिल्ह्यात पेण येथे सरकारी पॉलिटेक्निक आहे, मुंबईस वांद्रे येथे आहे. तेथील शाखा व जागा त्या सालच्या पुस्तिकेत पाहून घ्याव्यात.

कॉलेजांचे प्रकार

आपल्या राज्यात कॉलेजे मोटामोटी चार जातींची आहेत. एक, सरकारी कॉलेजे व सरकारी विद्यापीठांची स्वतःची कॉलेजे. दोन, सरकारी अनुदानावर चालणारी. तीन, विनाअनुदानित खाजगी. चार, खाजगी विद्यापीठे व अभिमत विद्यापीठे. फी साधारण ह्याच क्रमाने चढत जाते, आणि सरकारी सवलती साधारण ह्याच क्रमाने आटत जातात. हा क्रम लक्षात ठेवला तर अर्धे काम झाले.

पहिल्या दोन जातींतील काही नावे सांगतो. माटुंग्याचे व्हीजेटीआय १८८७ साली निघाले, अनुदानित आहे, उरणहून आगगाडीने नेरूळ व तेथून हार्बर मार्गाने वडाळ्यास उतरून जाता येते. मोऱ्याच्या लाँचने भाऊच्या धक्क्यास उतरून कॉलेज गाठण्याची जुनी यातायात आता राहिली नाही. अंधेरीचे सरदार पटेल इंजिनिअरिंग कॉलेज १९६२ पासून आहे. पुण्याचे कॉलेज १८५४ साली, सार्वजनिक कामांकरिता हाताखालची माणसे तयार करावयास निघाले. आता २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. सांगलीचे वालचंद १९४७ चे, कराडचे सरकारी कॉलेज १९६० चे. आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात माणगावजवळ लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून आहे. तेथे सिव्हिलची पदवी मिळते. मुंबई-पुण्याकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या लोकांच्या ध्यानी हे जिल्ह्यातले विद्यापीठ येत नाही.

ह्या कॉलेजांस गुण जास्त लागतात हे खरे. पण सिव्हिलच्या जागा संगणक शाखेच्या मानाने पुष्कळदा कमी गुणांवर मिळतात. मागील वर्षी कोणत्या शाखेस, कोणत्या प्रवर्गात, किती गुणांपर्यंत प्रवेश झाला, हे सीईटी कक्ष दरवर्षी प्रसिद्ध करतो. ते कोष्टक पाहिल्यावाचून 'आपणांस नाही मिळणार' असे म्हणून माघार घेऊ नये.

फी कोण ठरवितो आणि माफी कोणास मिळते

विनाअनुदानित खाजगी कॉलेजाची फी त्या संस्थेच्या मनावर नसते. २०१५ च्या कायद्याने नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण ती मंजूर करते, आणि मंजूर आकडा कोणासही पाहता येतो. त्याहून एक पैसाही जादा मागितला तर लेखी मागा म्हणावे. प्रवेशासाठी देणगी घेणे हा १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. 'मॅनेजमेंटमधून जागा करून देतो' म्हणत गावोगाव फिरणारे दलाल असतात; त्यांस ओसरीवर पाणी द्यावे, पैसे देऊ नयेत. प्रवेश मिळाल्यावर मुलाचे मूळ दाखले कॉलेजाने अडकवून ठेवणेही नियमाविरुद्ध आहे. दाखवावे, तपासू द्यावे आणि परत घ्यावे.

आता सवलती. उत्पन्नाची वरची मर्यादा पुष्कळ योजनांस वर्षास ८ लाख रुपये आहे.

मुलींसाठी : ८ जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक यांतील, ८ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरातील मुलीस, सरकारी प्रवेश फेरीतून प्रवेश घेतल्यास शिकवणी फी व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातही ती माफ आहे. मात्र खाजगी विद्यापीठात, अभिमत विद्यापीठात व मॅनेजमेंटच्या जागेवर नाही.

मुलांसाठी : इतर मागासवर्गातील व आर्थिकदृष्ट्या मागास मुलांस निम्म्या शिकवणी फीची सवलत मिळते, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना ह्याच हेतूची आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी ह्याहून मोठ्या, पूर्ण फीपर्यंतच्या योजना आहेत. आपल्याकडे आगरी इतर मागासवर्गात येतात, मच्छीमार कोळी विशेष मागास प्रवर्गात, कातकरी अनुसूचित जमातीत. तेव्हा शेजाऱ्यास काय मिळाले ह्यावरून आपला हिशेब करू नका. आपल्या प्रवर्गाची योजना वाचा.

जात न पाहता मिळणाऱ्या जागाही आहेत. प्रत्येक शाखेत शेकडा ५ जादा जागा शिकवणी फी माफीच्या असतात. घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असले म्हणजे पुरे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांस वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर करावयाचा असतो आणि तो दरवर्षी नव्याने पुढे न्यावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाले म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही.

सरकारची रक्कम कधी उशिरा येते, म्हणून पहिल्या वर्षाच्या खर्चाची थोडी तजवीज हाताशी असावी. कर्ज काढणे भाग पडले तर बँकेचे शैक्षणिक कर्ज काढावे. साडेसात लाखांपर्यंतच्या अशा कर्जास केंद्र सरकारची हमी योजना आहे, म्हणजे तारण मागितल्यास ह्या योजनेचे नाव घेऊन विचारावे. सावकाराच्या दारात जाऊ नये, आणि उरलासुरला जमिनीचा तुकडा कॉलेजाच्या फीसाठी फुंकू नये. मोबदल्याची जमीन एकदा गेली ती पुन्हा आली नाही, हे उरणकरास मी काय सांगावे?

स्वस्त म्हणजे काय? हिशेब मांडा

फी कमी ते कॉलेज स्वस्त, असे आपण धरून चालतो. ते नेहमी खरे नसते. हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू. हे कोणत्याही कॉलेजाचे खरे आकडे नव्हेत.

समजा, दूरच्या सरकारी कॉलेजाची शिकवणी फी वर्षास ३०,००० रुपये, इतर फी १०,००० आणि राहण्याजेवण्याचा खर्च ७०,००० आहे. जवळच्या खाजगी कॉलेजाची शिकवणी फी १,२०,०००, इतर फी २०,०००, आणि घरून जाण्यायेण्याचा खर्च १५,००० आहे. मुलास निम्मी शिकवणी फी माफ झाली असे धरू. सरकारी कॉलेजात त्यास पडतील १५,००० अधिक १०,००० अधिक ७०,०००, म्हणजे ९५,०००. खाजगीत पडतील ६०,००० अधिक २०,००० अधिक १५,०००, म्हणजे तेही ९५,०००! चार वर्षांचे दोन्हीकडे ३,८०,०००. येथे पैशाचा प्रश्न मिटला. आता फक्त कोणते कॉलेज चांगले एवढाच प्रश्न उरला.

तेच मुलीस पूर्ण शिकवणी फी माफ असेल तर सरकारी कॉलेजात वर्षास ८०,००० व जवळच्या खाजगीत ३५,००० पडतील. म्हणजे एकाच घरातल्या भावाचे व बहिणीचे उत्तर वेगळे येऊ शकते. सवलत काहीच नसेल तर सरकारीत १,१०,००० आणि खाजगीत १,५५,०००. म्हणून प्रत्येकाने आपला कागद घेऊन आपलेच आकडे मांडावेत : शिकवणी फी, इतर फी, राहणे, जेवण, प्रवास, पुस्तके व यंत्रसाहित्य, त्यातून खात्रीची सवलत वजा, बाकी गुणिले चार. पाचवे वर्षही कागदावर लिहून ठेवावे, कारण नापास झाल्यास तेही घरासच भरावे लागते.

चांगले कॉलेज कसे ओळखावे

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी काही कॉलेजे असतात. कमान मोठी, बाग हिरवी, जाहिरात रंगीत. आत शिकवावयास माणूस नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी मुलास बरोबर घेऊन कॉलेजात जा. लाजू नका, फी आपण देणार आहोत. पुढील गोष्टी विचारा.

पहिली : अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता ह्या सालापुरती आहे काय, आणि पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार?

दुसरी : राष्ट्रीय अधिमान्यता मंडळाची, म्हणजे एनबीएची, अधिमान्यता सिव्हिल शाखेस आहे काय व कोणत्या वर्षापर्यंत? ही अधिमान्यता शाखेवार असते. संगणक शाखेस मिळालेली पाटी सिव्हिलच्या मुलाच्या कामाची नाही. एनबीए २०१४ पासून आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन कराराची सदस्य असल्यामुळे स्वायत्त संस्थांच्या अधिमान्य पदव्यांस बाहेरच्या देशांतही किंमत येते.

तिसरी : सिव्हिलला पूर्णवेळ शिक्षक किती? परिषदेचे प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक असे आहे. भिंतीवरच्या यादीतली माणसे खरोखर वर्गावर येतात काय, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांस चहाच्या टपरीवर विचारावे. खरे उत्तर कचेरीपेक्षा तेथे लवकर मिळते.

चौथी : प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणावे. काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा ठोकळा २८ दिवस पाण्यात ठेवून दाबयंत्रात फोडतात व त्यावरून त्याची ताकद ठरवितात. यंत्राखाली फुटक्या ठोकळ्यांचा चुरा पडलेला असला तर तेथे काम होते असे समजा. यंत्र चकचकीत आणि त्यावर धूळ, तर ते पाहुण्यांसाठी आहे. मोजणीची टोटल स्टेशन यंत्रे किती व एका यंत्रामागे मुले किती, हेही विचारा. माती तपासण्याची व रस्त्याच्या डांबराची प्रयोगशाळा पाहा.

पाचवी : मोजणीचे शिबिर खरोखर बाहेर नेऊन करतात काय? सुट्टीत कामावरचे प्रशिक्षण कॉलेज मिळवून देते की 'तुमचे तुम्ही पाहा' म्हणते? आपल्या भागात बंदर, पूल, रेल्वे, विमानतळ सारे आहे. शेजारच्या कॉलेजाने चार वर्षांत ते मुलांस दाखविलेही नसेल, तर त्याचे जवळ असणे काय कामाचे?

सहावी : चार वर्षांपूर्वी जितकी मुले सिव्हिलला आली, त्यांतली किती वेळेवर पास झाली? शेकडा निकाल शेवटच्या वर्षाचा सांगतात, वाटेत गळालेली मुले सांगत नाहीत.

सातवी : नोकऱ्या किती मुलांस लागल्या, त्या सिव्हिलच्या की दुसऱ्याच कामाच्या, आणि मधल्या मुलास पगार काय? जाहिरातीत सर्वांत मोठा पगार छापतात. तो एकाचा असतो, आणि तोही पुष्कळदा दुसऱ्या शाखेतला.

आठवी : गेल्या वर्षी सिव्हिलच्या किती जागा रिकाम्या राहिल्या? जेथे पुष्कळ जागा रिकाम्या राहतात तेथे शिक्षक कमी होतात, शाखा बंद होण्याचीही धास्ती असते.

ही आठ उत्तरे एका वहीत लिहा. दोन-तीन कॉलेजांची वही भरली की निवड आपोआप होते. हातच्या काकणास आरसा लागत नाही.

कागद आणि पसंतीचा फॉर्म

गुण असून कागदासाठी जागा गेली, असे दरवर्षी होते, आणि त्यात आपल्याच लोकांची मुले अधिक असतात. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला व रहिवासाचा दाखला हे निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. जात पडताळणीस महिनेच्या महिने जातात. तिचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा. शाळेच्या दाखल्यात, आधारात व जातीच्या दाखल्यात नावाचे स्पेलिंग एकच आहे काय, ते आजच घरी जाऊन पाहा. एका अक्षराने हेलपाटे पडतात. कागद कसा भरावा हे न समजल्यास आपल्या गावच्या शाळेत या. शिक्षक हे काम करून देतील, त्यासाठी दलालास पैसे देण्याचे कारण नाही.

पसंतीचा फॉर्म भरताना कॉलेजांची नावे आपल्या खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहावीत. वर सरकारी व अनुदानित चांगली कॉलेजे, खाली मिळण्याजोगी. 'मिळणार नाही' म्हणून वरचे नाव गाळू नये. लिहिण्याने काही जात नाही. मात्र जेथे जावयाचेच नाही ते नाव मुळीच लिहू नये. २०२५-२६ च्या प्रवेशाच्या नियमांत पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतली व तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतली जागा मिळाली तर ती घेणे बंधनकारक होते. न घेणारा पुढील फेऱ्यांतून बाहेर. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या सालची पुस्तिका बापाने व मुलाने एकत्र बसून वाचावी. इंटरनेटच्या दुकानदारावर फॉर्म सोपवून घरी येऊ नये. त्याच्या बोटाच्या चुकीने आपल्या मुलाची चार वर्षे बदलतात.

मुलींविषयी दोन शब्द

शेवटी मायबहिणींस सांगतो. सिव्हिल हे पुरुषाचे काम, मुलगी उन्हात कशी उभी राहील, असे आपल्यात म्हणतात. भाताच्या लावणीस कंबर वाकवून दिवसभर चिखलात कोण उभे राहते? मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावरून कोणी वाहिल्या? उन्हाची भीती आपल्या बायकांस कोणी घालू नये. आणि पैशाचे म्हणाल तर आत्ताच मांडलेल्या हिशेबात मुलीचे शिक्षण मुलाहून स्वस्त निघाले. तरी ज्या घरी मुलाच्या फीसाठी कर्ज काढतात आणि मुलीस माफी असूनही घरी बसवितात, त्या घराचे गणित कोणत्या शाळेत शिकविले, ते मला माहीत नाही. आमच्या शाळेत तरी नाही.

तर बंधुभगिनींनो, घर पाहावे बांधून असे जुने लोक म्हणत, कारण घर बांधताना माणसास प्रत्येक वस्तूची पारख करावी लागते. वाळू गोडी की खारी, सळई सरळ की गंजलेली, पाया किती खोल, हे आपण चार वेळा विचारतो. मुलाच्या चार वर्षांस व आपल्या चार लाखांस तेवढीच पारख लावा. उद्या ह्या खाडीवर आणखी पूल होतील, आणखी रस्ते होतील. ते होताना आपल्या मुलामुलींच्या हाती नकाशा असावा, आणि त्यांनी केलेले काम असे पक्के असावे की त्याखालून जाताना कोणास वर बघून भ्यावे लागू नये.

येत्या रविवारी ज्यांस फॉर्मविषयी विचारावयाचे आहे त्यांनी आपापले दाखले व एक कोरी वही घेऊन शाळेत यावे.